कॉफीच्या टेबलावरचा कालवा

नकाशावरची कालव्याची रेघ बरोबर आमच्या दुकानाच्या मोरीवरून जाते, असं माझा नवरा फियन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्रांग जिल्ह्यातल्या इतक्या गावांतून त्या रेघेने आमचीच मोरी निवडली याचा त्याला अभिमान होता. मोरी तुंबायची ती गोष्ट वेगळी.

आमच्याकडे जमीन अरुंद, दोन्ही बाजूंना समुद्र. मधून कालवा खणला की मोठी जहाजं सिंगापूरचा वळसा न घालता सरळ इकडून जातील, हे बोलणं राजेरजवाड्यांच्या काळापासून चालू आहे. माझ्या आजोबांनी ऐकलं, वडिलांनी ऐकलं, आणि माझ्या नशिबी तर ते रोज सकाळी कॉफी गाळताना आलं. पहाटेचा रबराचा चीक काढून झाला की माणसं दुकानात यायची, बुलबुलांचे पिंजरे आकड्यांना टांगायची आणि खुर्च्या ओढून बसायची. पंख्याखालचं टेबल कालवावाल्यांचं, दाराजवळचं विरोधकांचं. आमचा मुसलमान शेजारी बांग सोल मधल्या बाकावर बसायचा. त्याला दोन्हीकडच्या बश्यांतली तळलेली पोळी हवी असायची, म्हणून त्याचं मत कधी पक्कं होत नसे.

विरोधकांचा पुढारी माझा सख्खा धाकटा भाऊ ख्लाय. त्याचं म्हणणं, वळसा घालण्यात जहाजाचा जेमतेम एक-दोन दिवस जातो, तेवढ्यासाठी एवढा टोल भरायला कप्तान काही वेडे नाहीत. शिवाय खारं पाणी भातात शिरेल, ते वेगळंच. फियनकडे उत्तर तयार असे. पनामाचं उत्तर, सुएझचं उत्तर. एवढा डोंगर फोडून माती टाकणार कुठे, असं विचारलं की तो म्हणायचा, समुद्रात बेट करू आणि तिथे ख्लायला सरपंच करू. बांग सोलची अडचण एकच होती. त्याची आई पलीकडच्या गावात राहते. ज्याच्याखालून जहाज जाईल तो पूल म्हणजे किती उंच, आणि आईला भेटायला दर शुक्रवारी तो डोंगर चढायचा का? यावर दोन्ही टेबलं त्याच्यापुढे बशी सरकवायची.

बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण खरं सांगू का, मला ते आवडायचं. नवरा समोर, भाऊ समोर, किटली गरम, आणि भांडण असं की ज्यात कुणाचंच काही जात नाही. एवढं सुख पुष्कळ झालं, असं मी मानत होते.

एकच काटा होता. आमची रबराची बाग म्हातारी झाली होती. साल सगळी चिरून झालेली, चीक नावाला. शेजाऱ्यांनी अशी झाडं केव्हाच तोडून नवी रोपं लावली, कुणी दुरियन लावला. माझा नवरा काही कुऱ्हाड उचलेना. विचारलं की म्हणायचा, "इथून जहाज जाणार आहे. पाण्यात रोपं लावू?"

आमची एकुलती मुलगी रेवदी फुकेटच्या एका हॉटेलात कामाला. गेल्या सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, आली तेव्हा जेवताना सहज म्हणाली, बागेत दुरियन लावला तर ती आणि तिचा नवरा इकडेच राहायला येतील, शहराचा कंटाळा आलाय. मी ताटावरच थबकले. फियनने भाजलेल्या डुकराचा तुकडा तिच्या ताटात वाढला आणि म्हणाला, "तिथं पाणी असेल गं." तिने जेवण उरकलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने निघून गेली. त्या दिवसापासून मला कालव्याचा राग यायला लागला. कॉफी मात्र दोन्ही टेबलांवर सारखीच देत होते.

मग पावसाळा संपता संपता खरंच सरकारची माणसं आली. देवळाच्या सभामंडपात सुनावणी ठेवली, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. जेवणाची पाकिटं होती, त्यामुळे गाव लोटलं. निम्म्यांनी पाकिटं घरी पोहोचवून मग येऊन मतं दिली. समोर एक इंजिनियर बाई बसली होती, पन्नाशीची, शांत. तिने आधीच सांगून टाकलं, की खडक तपासायचे आहेत, खर्च पुन्हा मांडायचा आहे, रेघ उत्तरेला सरकू शकते किंवा पुसलीही जाऊ शकते. "माझ्या गुरूंनी यावरच काम केलं आणि ते निवृत्त झाले," ती म्हणाली. "मीही बहुतेक अभ्यास करता करताच निवृत्त होईन." लोक हसले. फियन हसला नाही.

त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. उभा राहून त्याने दोन समुद्रांची भरती-ओहोटी सांगितली, जहाजांच्या रांगा सांगितल्या, बंदर, गोदामं, कचेऱ्या सगळं सांगितलं. बाईने मध्ये तोडलं नाही. तो थांबल्यावर म्हणाली, "काका, एवढा अभ्यास आमच्याकडेही थोडेच करतात. पण तुम्हाला स्वतःला हा कालवा कशासाठी हवाय?"

फियन जरा वेळ सदऱ्याची बटणं चाचपत राहिला.

"माझी मुलगी फुकेटला आहे," तो म्हणाला. "इथं बंदर झालं तर तिला इथंच कचेरीत काम मिळेल. घरी येईल."

ख्लायने मान खाली घातली. इतकी वर्षं पनामा आणि सुएझ ऐकले, आणि ही एक गोष्ट या माणसाने मला कधी सांगितली नाही!

घरी येताना मी रस्त्यातच त्याला धरलं. मुलीला आणायचं तर झाडं तोड, ती आपल्या तोंडाने सांगून गेली आहे. तेव्हा बाहेर आलं. रेवदी पहिल्यांदा गेली त्या वर्षी याने पितरांपुढे नवस बोलला होता. जहाज येऊ दे, पितरांना आवडतो तो नोराचा नाच घालीन, आणि पहिलं जहाज दिसेपर्यंत बागेतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लावणार नाही. तेव्हा झाडं भरात होती, त्यामुळे त्याला तो नवस स्वस्त वाटला. नवसाला मुदत घालावी हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण या शहाण्याला वाटलं, कालवा काय, आज-उद्या होईलच.

दुसऱ्या सकाळी दुकानात कालवा बाजूला पडला आणि नवसावर खल झाला. वान ही आमच्याकडची नोरा-नाचाची म्हातारी गुरू, बोटांना नाचाची लांब नखं लावून जिने निम्म्या जिल्ह्याचे नवस सोडवले. तिला बोलावून घेतलं. ती कॉफीत दूध ढवळत म्हणाली, "सुटतो. पण जे मागितलं ते न मिळताच कबूल केलेलं द्यावं लागतं. आणि पितरांपुढे तोंडाने सांगावं लागतं, की जहाज आलं नाही, आता मागणं नाही. मग मी नवसाची गाठ कापते."

नाच घालायला फियनची ना नव्हती. ते दुसरं वाक्य त्याच्या घशाखाली उतरेना. तो उठून बागेत गेला तो दुपारपर्यंत परतलाच नाही. मी केळीच्या पानात भात बांधून गेले. वाळक्या झाडाला टेकून बसला होता.

"सगळ्या गावाला सांगत आलो, येणार म्हणून," तो म्हणाला. "आता तेच पितरांपुढे नाही म्हणू? ख्लाय जन्मभर हसेल."

"हसू दे. माझाच भाऊ आहे, मी बघते त्याच्याकडे." मी पान सोडून पुढे ठेवलं. "तुला जहाज हवंय का पोरगी, एवढंच सांग."

त्याने भात खाल्ला. हात धुऊन म्हणाला, "वानला निरोप दे."

नाच छोटाच झाला, दुकानासमोरच्या अंगणात. ढोल वाजला, मण्यांचे पोशाख झळकले, अख्खं गाव जमलं. बांग सोलही कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला, आपण फक्त शेजारी म्हणून आलोय असं सांगत. वानने विडा पानात दोऱ्याने बांधून फियनच्या हातात दिला. त्याने ते वाक्य म्हटलं. हळू म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिने सुरीने गाठ कापली आणि तुकडे कुंपणाबाहेर फेकले.

पुढच्या सकाळी तो पंख्याखाली एकटा बसला. त्याच्या बाजूचे लोक इकडेतिकडे बघत होते. ख्लायने दाराजवळून दोनदा घसा खाकरला, टोलचा विषय काढला, पण फियन कपातली साखर ढवळत बसला. आकड्यांवरचे बुलबुलच काय ते बोलत होते. शेवटी ख्लाय आपला कप उचलून फियनच्या टेबलावर येऊन बसला.

"दाजी, मी रात्रभर विचार केला," तो म्हणाला. "कालवा व्हायला हवा. तुम्ही जा त्या टेबलावर. कुणीतरी विरोधाला लागेलच ना."

"तुला पनामातलं काय कळतं?" फियन म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो, मला हरवायला सोपं जाईल."

फियनच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्याने कप उचलला, दाराजवळ जाऊन बसला आणि सांगायला लागला, की जहाज वळसा घालतं त्यात जेमतेम एक-दोन दिवस जातात. बांग सोलने दोन्ही टेबलांच्या बश्या जवळ ओढल्या. माझ्या भावाला मी लहानपणापासून गाढव म्हणत आले आहे. त्या दिवशी त्याच्या कॉफीत दुप्पट दूध घातलं.

गिऱ्हाईक पांगल्यावर फियन आत आला आणि म्हणाला, फोन लाव तिला. मी लावला आणि दोघांना ऐकू येईल असा ठेवला.

"झाडं तोडतोय," तो म्हणाला. "लाकूडवाले सोमवारी येतात. दुरियनची रोपं कुठली घ्यायची ते तू येऊन सांग."

पलीकडे हॉटेलातली गडबड ऐकू येत होती. मग ती कुठेतरी आडोशाला गेली असावी, आवाज बंद झाला.

"आणि तुमची जहाजं?"

"जहाजं तुझ्यासाठीच होती," तो म्हणाला.

"बाबा, मला वाटलं, मी परत येऊ नये असंच तुम्हाला वाटतं," रेवदी म्हणाली. "मी यावं, असं वाटत होतं तुम्हाला?"

माझा नवरा रोज सकाळी दोन समुद्र एक करणारा माणूस. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हो," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."