त्रिकोणावरचे दोन इलेक्ट्रॉन

सासूबाई आधी माझ्या पीएचडीच्या गाइड होत्या, मग सासूबाई झाल्या. त्यामुळे घरी 'आई', लॅबमध्ये 'मॅडम', आणि भांडताना तोंडाला येईल ते.

एकमेकांना ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा नेमका हिशेब करायचा तर जगातले सगळे संगणक अपुरे पडतात. म्हणून आमचा प्रोग्राम असंख्य शक्यतांतल्या थोड्या उचलतो आणि त्यांची बेरीज करतो. पण इलेक्ट्रॉन महाखोडकर. काही शक्यता अधिक चिन्हाच्या येतात, काही उणे, आणि एकमेकींना खाऊन हाती नुसता गोंधळ ठेवतात. मॅडमनी तरुणपणीच यावर तोड काढली होती: उणे आलं की टाकून द्यायचं. आलेख कसा गुळगुळीत येतो. त्यावर त्यांचं नाव झालं आणि माझा प्रबंधही त्यावरच उभा होता.

एकदा मी गंमत म्हणून त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर दोनच इलेक्ट्रॉन बसवले. एवढं गणित कागदावर सुटतं. प्रोग्रामने दिलेली ऊर्जा कागदावरच्यापेक्षा कमी निघाली. कागदावरची हीच शक्य तेवढी सगळ्यात कमी; त्याखाली जाताच येत नाही. म्हणजे उणे टाकणंच चूक होतं.

रविवारी जेवताना मी ते सांगून टाकलं. नवऱ्याने ताटात मान घातली.

"दोन इलेक्ट्रॉनांसाठी कोण वापरतं तो प्रोग्राम?" आई म्हणाल्या. "तो मोठ्या जाळीसाठी आहे."

"ज्याला दोघांचं जमत नाही, त्याला शंभरांचं कुठून जमणार? उणे टाकायचे नाहीत, आई."

"मग आलेख म्हणून धुरळा दाखव. तसला प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

माझं डोकं फिरलं. लॅबच्या पुढच्याच बैठकीत मी धुरळा दाखवला. सगळे उणे जागच्या जागी होते आणि उत्तर किती चुकू शकतं ते दाखवणाऱ्या रेघा पडद्याच्या वरपासून खालपर्यंत गेलेल्या. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे तुला उत्तर माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही. तुम्हालाही नाही. मी निदान तसं सांगतेय."

मॅडम उठल्या. फळ्यावर त्रिकोण काढून त्यांनी स्वतः हिशेब मांडला, सगळ्यांसमोर, एकही पायरी न गाळता. शेवटच्या ओळीत माझ्या कागदावरचीच ऊर्जा आली. त्यांनी खडू ठेवला.

"तरीही धुरळ्याचा प्रबंध मी पाठवणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका पाठवू. दुसरा गाइड बघेन. नाही मिळाला तर पदवीवाचून राहीन."

मी पुढची स्लाइड लावली. कोणीच उठून गेलं नाही. मॅडमसुद्धा गेल्या नाहीत.