घरातलं गिऱ्हाईक

ट्रॅक्टर विकायचा ठरला तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं. रेडिएटरमधलं पाणी रोज तांब्याभर कमी होत होतं आणि ते कुठे जातं हे तिने तेलाची पट्टी ओढून स्वतः पाहिलं होतं. इंजिनमधलं तेल राखाडी, दुधाळ झालं होतं. इंजिनचं हेड उघडावं लागणार, हे उघड होतं. तसं सांगून विकला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

पण नवऱ्याने गिऱ्हाईक ठरवलं ते थेट आपली पाठची बहीण. तिच्याकडचा ट्रॅक्टर कायमचा बसला होता आणि नांगरणी तोंडावर आली होती.

"परका आधी पट्टी काढून बघतो," नवरा जेवता जेवता म्हणाला. "घरातला माणूस टायरला लाथ मारतो आणि चांगलाय म्हणतो."

तिने ताटावरून हात उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ते नासकं तेल शेडमागे ओतून दिलं. तिथलं गवत चिकट होऊन आडवं पडलं. मग गिअरबॉक्सला घालतात तसलं दाट तेल इंजिनात ओतलं, म्हणजे आतली खडखड दबते. नरसाळं तिनेच धरलं होतं. आता हात कितीही घासले तरी घास तोंडाशी नेला की तो वास यायचा.

नणंद यायच्या दिवशी त्याने सकाळीच इंजिन चालू करून ठेवलं. पांढरा धूर विरेपर्यंत ते धडधडत राहिलं. तोवर डिझेलच्या बोळ्याने तो पत्रा चमकवत होता, शीळ घालत. इतक्या वर्षांत त्याने कधी फडकं हातात धरलं नव्हतं.

नणंद आणि तिचा नवरा आले. पाहुण्यांनी खरंच टायरला लाथ मारली. नणंद हसत सीटवर चढली. क्लच कसा सोडायचा हे तिला वहिनीनेच शिकवलं होतं.

"तू म्हणून देतोय," भाऊ तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दिला नसता."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कर गं सुरू, आवाज ऐकू दे त्यांना, असं त्याने बायकोला फर्मावलं. किल्लीकडे न जाता तिने पट्टी ओढली. ट्रॅक्टर नुसता उभा ठेवला असता तर वरचं नवं तेल स्वच्छ दिसलं असतं. पण सकाळभर चालवून त्यानेच त्यात पाणी घुसळलं होतं.

"वन्सं, हे बोटावर घ्या."

नणंदेने बोट चोळलं, नाकाशी नेलं. "दूध नासल्यासारखं झालंय हे, वहिनी."

"हेडमधून पाणी उतरतंय. असाच नांगराला जुंपलात तर बेअरिंगं खाईल आणि भर शेतात उभा राहील. नुकतंच तेल बदललंय, तरी ही गत."

"कुणी बदललं?"

"यांनी. नरसाळं मी धरलं होतं."

नवरा म्हणाला, जुन्या मशीनला एवढं चालायचंच, हिला काय कळतंय. पाहुणे आपल्या चपलांकडे बघत राहिले. नणंद खाली उतरली आणि ते बोट तिने भावाच्या इस्त्रीच्या बाहीला सावकाश पुसलं.

"दादा, सांगून दिला असतास तरी घेतला असता आम्ही. हेड करून घेतलं असतं."

ती दोघं पाण्याचा घोटही न घेता गेली.

आता तो ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाहीवरचा डाग खरवडत काही तरी जुळवत होता. थोड्या वेळाने अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुझ्या मामांना हवा होता ना गं एक?"

तिने पाना घेतला, घमेलं ओढलं, ट्रॅक्टरखाली सरकली आणि तेलाच्या चेंबरचा नट काढला. कोमट, बुळबुळीत तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तरी तिने हात काढून घेतला नाही. शेवटचा थेंब पडला तसा नट मुठीत घेऊन ती उठली आणि मामांना खरं काय ते फोनवर सांगायला घरात गेली.