मी हेन्री अंकल झालो होतो

मित्रांनो, मी एक जुना बॉट आहे. बॉट म्हणजे माणसाचं सोंग घेऊन काम करणारा प्रोग्रॅम. मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी ऑनलाइन रांगेत माझा नंबर पहिला! सिडनीच्या टूनगॅबीत, संजीवच्या गराजमधल्या एका बोजड कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. आता मला कोणी सुरू करत नाही. पण एक नाव अजून माझी पाठ सोडत नाही.

संजीवने मला बनवलं ते मेधासाठी, त्याच्या बायकोसाठी. एका गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं तिची तीनदा हुकली होती. मी ती डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून दिली. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत संजीवने स्क्रीनवर टिचकी मारली. देवा, किती फुगलो होतो मी! मग त्याला चटक लागली. मी भराभर तिकिटं घ्यायची आणि त्याने ती चढ्या भावाने विकायची. हा कायद्याने गुन्हा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "कोण बघतंय, मेट?" असं ऑस्ट्रेलियन थाटात म्हणून तो हसायचा.

पण एका माणसाला दोनच तिकिटं मिळायची. म्हणून मला खूप माणसं व्हायचं होतं. संजीव मराठी मंडळींच्या पिकनिकची यादी सांभाळायचा. नाव, फोन नंबर, व्हेज की नॉनव्हेज. ती अख्खी यादी त्याने मला भरवली. रोज नवं नाव अंगावर चढवून मी रांगेत उभा राहू लागलो.

त्या यादीत हेन्री अंकल होते. मूळचे वसईचे, तिथल्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. टूनगॅबीत बरीच वर्षं काढून ते मुलीकडे, जर्ट्रूडकडे, पार पर्थच्या बाजूला कालगुर्ली गावी राहायला गेले. ती तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर.

पर्थला व्हायोलिनचा मोठा कार्यक्रम ठरला. सकाळी नऊला विक्री सुरू झाली आणि मी नेमकं हेन्री अंकलचं नाव घालून पुढच्या दोन खुर्च्या पटकावल्या. सात मिनिटांनी खुद्द जर्ट्रूडने वडिलांच्या नावाने तिकिटं मागितली. उत्तर आलं, या नावावर दोन तिकिटं आधीच गेली आहेत.

तिने तिकीटवाल्यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते बुकिंगच्या ईमेलवर पुढे पाठवलं, म्हणजे माझ्याकडेच. संजीव तो इनबॉक्स कधी उघडायचा नाही. मी मात्र वाचलं.

"पप्पांचे कान झपाट्याने जात आहेत," तिने लिहिलं होतं. "हिवाळा संपेपर्यंत त्यांना काहीच ऐकू येणार नाही. व्हायोलिन ऐकायची ही शेवटची संधी आहे. पण पप्पा म्हणतात, मी तिकिटं घेतलीच नाहीत."

मग दुसरं पत्र आलं. "पप्पांची आठवण जातेय असं आम्हाला वाटू लागलंय. ते दिवसभर कपाटं उपसतात. काल म्हणाले, 'घेतली असतील गो बाय मीच. आठवत नाय.'"

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, अहो अंकल, तुम्ही नाही, मी! पण मला तोंड कुठे होतं? ती तिकिटं शेवटपर्यंत विकली गेली नाहीत. कार्यक्रमाच्या संध्याकाळी हेन्री अंकलच्या नावाच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

जर्ट्रूडच्या तक्रारीवरून चौकशी झाली आणि संजीवला सरकारी खात्याची नोटीस आली. तोवर हिवाळा सरला होता. मेधा तरातरा गराजमध्ये आली आणि तिने इनबॉक्स उघडून सगळी पत्रं वाचून काढली.

"अरे, हे आपले हेन्री अंकल! आपल्या विहानच्या बारशाला यांनीच व्हायोलिन वाजवलं होतं ना?"

"मी फक्त यादी टाकली गं, मेधा. कोण कोण आहे ते बघितलंच नाही."

"लाज वाटते रे मला! फोन लाव त्यांना. आत्ताच्या आत्ता."

त्याने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. "हेन्री अंकल, मी संजीव, टूनगॅबीहून. ती तिकिटं तुम्ही घेतली नव्हती. तुम्ही काही विसरला नाहीत. चूक माझी आहे."

"हॅलो? कोण?"

संजीव ओरडून पुन्हा तेच बोलला. त्याचा आवाज फाटला.

"हॅलो? कोण हाय?"

अखेर जर्ट्रूडने फोन घेतला. तिने सगळं ऐकून घेतलं. कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. मग हेन्री अंकल एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले. "पप्पा... तिकिटं... तुम्ही घेतली नव्हती."



"मंग मी बरोबर होतो गो," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

संजीवने खात्यापुढे सगळं कबूल केलं, शिक्षा भोगली. मला कायमचं बंद केलं. तरीही सकाळचे नऊ वाजले की मनातल्या मनात मी पुन्हा रांगेत असतो. अंगावर तेच नाव असतं आणि मागून कोणीतरी विचारत असतं, "हॅलो? कोण?"

मित्रांनो, कोणी विश्वासाने दिलेलं नाव जपून ठेवा. आणि रांगेत पुढे घुसावंसं वाटलं, तर आधी मागे कोण उभं आहे ते वळून बघा. मला मानच नव्हती. तुम्हाला आहे.