दुधासाठी गप्प

धाकटीला घरात सगळे रेडिओ म्हणत. मोबाइलच्या दुकानात विक्रीच्या कामाला असलेली ही बाई एकदा सुरू झाली की गिऱ्हाईक फोन घेतल्याशिवाय हलायचं नाही, आणि जाता जाता कव्हरही घेऊन जायचं. त्यामुळे थोरल्या जावेने दूध उतू जाण्याआधी शेगडी बंद करणारी डबी तयार केली, तेव्हा ती लोकांपुढे मांडायचं काम आपसूकच धाकटीकडे आलं. थोरली चार माणसांत तोंड उघडायची नाही. तिचा सगळा जीव कानांत. कारखान्यात ती यंत्रांच्या आवाजावरून बिघाड ओळखायची, आणि या डबीपायी तिने ती नोकरी सोडली होती. आजच्या मेळाव्यात डबीला कोणी विचारलं नाही तर गुमान परत कामावर जायचं, असं घरात ठरलं होतं.

नव्या उद्योगांच्या त्या मेळाव्यात नुसता गलका. जो तो हसतोय, कार्ड देतोय, एकाशी बोलता बोलता दुसऱ्याला शोधतोय. धाकटीला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. शेगड्या बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीणबाई टेबलापाशी थांबल्या, तसा तिने तोंडाचा पट्टा सोडला. "बघा हं मॅडम, आता दूध वर येईल आणि ही डबी..."

दूध वर आलं. डबी ढिम्म. दूध विजेच्या शेगडीवरून टेबलावर आणि टेबलावरून थेट मालकीणबाईंच्या चपलांवर. "स्टेजवर तुमची पाळी येईल तेव्हा बघू," एवढंच म्हणून त्या पुढे गेल्या.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. टेबल पुसता पुसता ती म्हणाली, "या गलक्यात डबीला ऐकूच आलं नाही गं. दूध तापताना सूं-सूं करतं आणि उतू जायच्या आधी तो आवाज एकदम बसतो. तेवढंच डबीला कळतं."

"मग घरी कशी चालत होती?"

"घरी मी..." थोरली अडखळली. "तू दुकानात गेलीस की करून बघायचे."

धाकटीला आधी राग आला, मग हसू आलं. तेवढ्यात स्टेजवरून त्यांचा पुकारा झाला.

स्टेजवर तिने पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. "मंडळी, आमची डबी कानाने काम करते. दूध तापेपर्यंत जरा गप्प बसाल का? मीही बसते. ते किती अवघड आहे, आमच्या घरी विचारा."

हशा पिकला. तिने माईक बंद केला आणि खरंच गप्प बसली. ओठ दातांखाली दाबून, दोन्ही हात घट्ट धरून. हळूहळू सगळा हॉल थांबला. मग दुधाची सूं-सूं पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली. ती वाढली, वाढली आणि एकदम बसली. साय फुगून काठाला आली आणि डबी खट्कन वाजली. दूध खाली गेलं.

टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. त्या ओसरल्यावर मालकीणबाई उभ्या राहिल्या. "सुरेख! पण इतकी शांतता कुठल्या स्वयंपाकघरात असते हो?"

धाकटीने माईक पुन्हा सुरू केला आणि थोरलीकडे पाहिलं. थोरलीने तिच्या हातातून माईक काढून घेतला.

"मॅडम, बोलायचा आवाज येतोय म्हणजे तिथे माणूस आहे. शेगडी तोच बंद करेल. दूध उतू जातं ते ओट्याशी कोणी नसताना. तेव्हा तिथे शांतताच असते."

मालकीणबाई मोठ्याने हसल्या. "सोमवारी कंपनीत या दोघी. आमच्या प्रत्येक शेगडीला ही डबी बसवायची आहे मला."

धाकटीने अशी आरोळी ठोकली की मघाची सगळी शांतता व्याजासह वसूल झाली. थोरली तर माईकवर बोलायलाच लागली. जाड बुडाच्या पातेल्यात आवाज कसा बदलतो, पाणी घातलेलं दूध कसं लगेच ओळखू येतं, सगळं. वेळ संपल्याची खूण झाली. धाकटीने माईकसाठी हात पुढे केला, पण थोरली तो सोडेना.