गोगलगाईची रेघ

पाठीमागे तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार. हे नाव तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या दुपारी संचालकांनी तिला बसायला सांगून चहा मागवला, तेव्हाच तिने ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"चाळीस जणांचा हात सुधारला," ते म्हणाले. "अहवालात एवढंच लिहा. निष्कर्ष आशादायक. म्हणजे पुढची पाच वर्षं अनुदान आपलंच."

हात थरथरण्याच्या आजारावरची ती गोळी. सरकारी अनुदानावर टाचणीने तीन वर्षं ती तपासली होती. निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची, आणि कुणाला कुठली हे बंद पाकिटात. दर महिन्याला प्रत्येकाने कागदावर आतून बाहेर गोल फिरत जाणारी रेघ काढायची. विभागात त्या रेघेला गोगलगाय म्हणत. रेघ जितकी कमी थरथरलेली, तितका गुण जास्त. आज सकाळी पाकीट फोडलं, तर खऱ्या गोळीचे चाळीस सुधारलेले आणि पिठाच्या गोळीचे एकेचाळीस.

"आणि ते एकेचाळीस?" तिने विचारलं.

"ते कोण विचारतंय?"

"मी."

संचालक काही दुष्ट नव्हते. अकरा जणांचे पगार या अनुदानावर चालत आणि ती काळजी त्यांच्याच डोक्याला होती. "उगाच फाटे फोडू नका," ते म्हणाले. "पाचपर्यंत अहवाल पाठवायचाय. अनुदान गेलं की तुमची प्रयोगशाळा गेली. मग काय व्हरांड्यात बसणार?"

"बसेन. उजेड चांगला असतो तिथे."

बोलून तर गेली, पण जिन्यात तिला आपली प्रयोगशाळा आठवली. ती एक खोली मिळवायला तिने सहा वर्षं अर्ज खरडले होते. आणि घरी आप्पा या गोळीच्या आशेवर बसले होते. मुलीच्याच प्रयोगात वडील घेता येत नाहीत, म्हणून तीन वर्षं नुसती वाट बघत.

प्रयोगशाळेत सिस्टर फायली रचत होत्या.

"सिस्टर, पिठाने हात कसा सुधारतो हो?"

सिस्टरांच्या हातातली फाइल तशीच राहिली. "बाई, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी कुणी ओळखीचं नव्हतं. एकच रेघ काढून घेतली. पुढे माणसं ओळखीची झाली. रेघ बिघडली की बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मी म्हणायचे, छान आहे हो, पण आणखी एकदा काढा बघू. आणि त्यातली बरी असेल ती फाइलला लावायचे."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. दुजाभाव नाही केला."

टाचणीला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. एवढ्या मायेवर चिडायचं तरी कसं?

"हे लिहावं लागेल. तुमची नोकरी जाईल."

"लिहा की! उद्या हजारो लोक ती गोळी घेतील, तेही माझ्या लाडांमुळे. माझं नावसुद्धा घाला."

तिने लिहिलं: खऱ्या आणि पिठाच्या गोळीत फरक आढळला नाही. दिसलेली सुधारणा मोजण्याच्या चुकीमुळे आहे. चूक आमची. साडेचारला तिने अहवाल पाठवला. संचालकांचा फोन वाजत राहिला. तिने स्टूल उचललं, व्हरांड्यात मांडलं आणि नव्या अर्जाचं पहिलं पान उघडलं.

आप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. आता त्याच हाताने कप उचलला की अर्धा चहा बशीत.

"गुण नाही?" तिला दारात बघूनच त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा." सिस्टरचे लाड, पाठवलेला अहवाल, नवा अर्ज, सगळं तिने सांगून टाकलं.

त्यांनी कप बाजूला सारला. आपण त्यांना मोडलं, असं तिला वाटलं आणि फार वाईट वाटलं. मग त्यांनी कागद आणि पेन्सिल मागितली. गोगलगाय काढायला घेतली. रेघ हेलपाटत बाहेर आली, कागद संपला तरी थांबली नाही, टेबलावर उतरली.

"प्रयोगात मला घेता येत नाही, तर नव्या अर्जाला तरी हे जोड," आप्पा म्हणाले. "आणि त्या सिस्टरला बजावून ठेव, माझी रेघ बघून छान म्हणायचं नाही. मी एकदाच काढणार."