पप्पांचा एक बूट

अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढल्यावर कोण कसं खोटं बोलतं, याची चांगुणाबाईंच्या डोक्यात पक्की नोंद झाली होती. बापे घसा खाकरून बोलतात, बाया पदर सारखा करत. पोरं थेट डोळ्यांत बघून बोलतात, म्हणून तीच लवकर सापडतात.

चार वर्षांची प्राची मात्र खोटं बोलत नव्हती. ती दुसऱ्यांचं खोटं धरून बसली होती, आणि त्यात चांगुणाबाईंचाही वाटा होता.

तीन महिन्यांपूर्वी तिचा बाप महेंद्र मोटारसायकलवरून रांजणगावला रात्रपाळीला निघाला आणि हायवेवर टँकरखाली गेला. पोरीला तेवढ्यात केडगावला मावशीकडं धाडलं. ती परत आली तोवर जलदानविधी उरकला होता आणि हार घातलेला फोटो ट्रंकेत गेला होता. "पप्पा कुठं?" म्हणाली, तर आजोबा चांगदेवआबा घसा खाकरून म्हणाले, "डबल शिफ्ट हाय." अंगणवाडीत विचारलं, तर चांगुणाबाईंनीही तेच सांगितलं. पदर सारखा करत.

तेव्हापासून प्राची रोज सगळ्यांच्या चपला ओळीनं लावून बस करायची. प्रत्येक चपलेत एक ठोकळा बसवायची आणि खिचडी निवेपर्यंत बस हाकायची.

"अगं, एखाद्याला खाली उतरू दे की," मदतनीस गिताबाई म्हणाली. "मुतायला तरी!"

"न्हाई. शिफ्ट हाय."

गिताबाई हसली. चांगुणाबाईंना हसू आलं नाही. घास मोजायची त्यांना खोड होती. पोरीनं तीनच खाल्ले होते.

त्यातच प्राचीच्या आईला, रश्मीला, महेंद्रच्याच कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. सोमवारी पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. शुक्रवारी ती कंपनीचे जाड बूट घेऊन घरी आली आणि पोरीनं तिचा जो पदर धरला तो सोडलाच नाही. रश्मी न्हाणीत गेली तरी ही दारावर धडका द्यायची.

रविवारी चांगुणाबाईंना घरात बसवेना. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू गेला. शेवटी उठल्या आणि आबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"जय भीम, आबा. पोरीला खरं सांगा."

आबांनी घसा खाकरला. "बाई, एवढ्याश्या जिवाला मरान सांगायचं? इसरंल हळूहळू."

"इसरंना. तिच्या हिशेबानं शिफ्टला गेलेलं माणूस माघारी येत न्हाई. आन् उद्या तुमची सून शिफ्टला चाललीय."

पदराला पोर बांधल्यासारखी रश्मी चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, "आबा, मला रोज खोटं बोलवत न्हाई आता."

आबा उठले. ट्रंक उघडायला त्यांना फार वेळ लागला. फोटो मांडीवर घेऊन ते म्हणाले, "प्राचे, हिकडं ये. पप्पा मेलं, बाळा. टँकर उलट्या बाजूनं आला. पप्पांचं अंग बंद पडलं. ते आता येणार न्हाईत."

"शिफ्ट सुटल्यावर?"

"न्हाई. कवाच न्हाई."

प्राचीनं हाराचं एक वाळलेलं फूल ओढलं. मग हळूच म्हणाली, "मी बूट लपवला म्हणून?"

महेंद्र गेला त्या संध्याकाळी पोरीनं त्याचा एक बूट पिठाच्या डब्यामागं दडवला होता. महेंद्र ओरडला होता, घाईघाईत निघाला होता. तीन महिने हे घरात सगळ्यांना आठवत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

चांगुणाबाईंनी आबांकडं पाहिलं. या वेळी आबांनी घसा खाकरला नाही.

"न्हाई, बाळा. टँकरवाला चुकला. तू बूट लपवल्याचा त्यात काय संबंध? पप्पानं घरी राहावं म्हणून लपवलास ना?"

प्राचीनं मान डोलावली आणि मग मोठ्यानं रडली. चांगुणाबाईंनी थांबवलं नाही.

सोमवारी पहाटे रश्मीचा एक बूट गायब! बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. आबा डब्यामागं बघायला निघाले, तर रश्मीनं त्यांना हातानंच थांबवलं.

"प्राचे, उशीर झाला तरी मी पळत न्हाई जायची. बसनं जायची, बसनं यायची. चार वाजता."

बस दुसऱ्यांदा ओरडली. प्राची अंथरुणात शिरली आणि गोधडीतून बूट काढून तिनं आईपुढं टाकला.

अंगणवाडीत तिनं चार वाजले का म्हणून किती वेळा विचारलं, ते मोजणं चांगुणाबाईंनी तेराव्या वेळेला सोडलं. दीडला अंगणवाडी सुटली, तरी त्या घरी गेल्या नाहीत. साडेतीनपासून आबा, प्राची आणि त्या थांब्यावर उभे. चार वाजले. चार-दहा झाले.

"बाई, चार म्हंजी कवा?" प्राचीनं विचारलं.

चांगुणाबाईंचा हात पदराकडं गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. "चार वाजून गेले, बाळा. बसला उशीर झालाय. का झालाय, मला ठावं न्हाई."

चार-वीसला बस वळणावर दिसली. रश्मी उतरली. प्राची धावली नाही. खाली वाकून तिनं आधी आईचे पाय पाहिले. दोन्ही बूट होते.

मग तिनं पदर धरला.