बोटांचा प्रताप

आमच्या घरात चहाच्या आधी आकडा बघितला जातो. आमचे हे डोळे उघडले की फोन शोधतात, मग फोन दिसावा म्हणून चष्मा शोधतात, आणि जगात आणखी कुणी आपल्या शोधनिबंधाचा उल्लेख केला का ते पाहतात. आमच्या धंद्यात याला सायटेशन म्हणतात. आकडा वाढला असेल तर त्या दिवशी चहा तेच करतात. तेव्हा मी त्यांच्या कीर्तीवर जळते, असं कुणी म्हणू नये.

धंदा म्हणजे जीवरसायनशास्त्र. आम्ही दोघं एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर. त्यांची प्रयोगशाळा मोठ्या खिडक्यांची. माझी म्हणजे पूर्वी रिकामे खोके ठेवायची खोली. अजूनही कुणीतरी सवयीने खोका आणून ठेवतं.

ह्यांचा गाजलेला निबंध एकच. मातीतल्या एका जिवाणूत त्यांना असं एन्झाइम सापडलं, जे पेशीतल्या आरएनए नावाच्या नाजूक रेणूचे तुकडे करतं आणि उकळलं तरी मरत नाही. वर्तमानपत्रात फोटो आला, सासूबाईंनी तो फ्रेम करून घेतला. आता गंमत अशी, की माणसाच्या बोटांवरच्या घामात नेमकं असलंच एक चिवट एन्झाइम असतं. म्हणून तर आरएनएच्या कामाला ग्लव्हज घालायचे, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. आमच्या ह्यांचा हात मात्र ग्लव्हजमध्ये घुसमटतो.

"अहो, हे जिवाणूचं नाही, तुमच्या बोटांचं आहे," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"तुझं आपलं काहीतरीच."

मग तोच प्रयोग मी ग्लव्हज घालून केला. एन्झाइम गायब. तसा निबंध मी रीतसर छापला. घरात बरेच दिवस अबोला होता. सासूबाई मध्ये बसून निरोप पोचवायच्या, आणि पोचवताना त्यात आपल्या पदरचं घालायच्या.

जगभरच्या शास्त्रज्ञांना माझं म्हणणं पटलं. पटल्याचं त्यांनी जाहीर केलं ते मात्र ह्यांचं नाव घेऊन. "ग्लव्हज न घातल्यास काय होतं, यासाठी पाहा", आणि पुढे ह्यांचा निबंध. लोकांना फजिती लक्षात राहते, ती उघड करणारी बाई कशाला राहील? ह्यांची सायटेशन बाराशे झाली, माझी नऊ. त्या बाराशेतला एकही निबंध ह्यांनी उघडून वाचला नाही. मोजण्यातच सगळा वेळ जायचा.

गेल्या वर्षी प्राध्यापकाची जागा निघाली. एकच. आम्ही दोघांनी अर्ज केला. मला ती जागा मनापासून हवी होती. पुढची निघेपर्यंत माझी नोकरी संपलेली असणार, म्हणजे ही गेली तर खोक्यांच्या खोलीतूनच निवृत्त व्हायचं.

मुलाखतीला निवड समितीच्या अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, सरांची बाराशे आणि तुमची नऊ. काय सांगाल?"

"त्या बाराशेतला कुठलाही एक उघडून वाचा," मी म्हटलं.

त्यांनी समोरच्या कॉम्प्युटरवर एक उघडला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग दुसरा उघडला, मग तिसरा. शेजारचे सदस्य खोकले. मला वाटलं, जिंकले मी.

"पण मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "नियमात 'उल्लेख' एवढंच आहे. बरा की वाईट, असं काही नाही. शिवाय सगळं जग ग्लव्हज घालायला लागलं ते सरांमुळेच ना? याला प्रभाव नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?"

जागा ह्यांना मिळाली. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि एका खोक्यावर बसून पोटभर रडले.

अध्यक्षांनी बहुतेक अभिनंदन करता करता ह्यांना ती 'ग्लव्हज न घातल्यास'वाली ओळ वाचून दाखवली असावी. कारण त्या संध्याकाळी हे पहिल्यांदाच निबंध उघडून वाचत बसले. एकामागून एक. जेवायलाही उठले नाहीत. सकाळी आकडा न बघताच कामावर आले, माझ्या खोलीत शिरले, खोका बाजूला सारून बसले.

"तू बरोबर होतीस. मी दुरुस्ती छापतो. चूक तू शोधलीस, हेही लिहितो."

आणि खरंच छापली. दोनच ओळी, पण त्यात माझ्या निबंधाचा उल्लेख होता. माझं दहावं सायटेशन. मला खुळ्यासारखा आनंद झाला, त्यात लपवायचं काय?

पण आकडा नवावरून हलेना. मोजणाऱ्या कॉम्प्युटरने पाहिलं, आडनाव तेच, आद्याक्षर तेच, पत्ता तोच. म्हणजे लेखकाने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आहे. असले उल्लेख तो धरत नाही. हे संतापले. माझ्या बाजूने संतापलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. तडक ऑफिसात गेले, तक्रार केली. कारकून नम्रपणे म्हणाला, "बघतो सर."

त्याने बघितलं. सगळा घोळ असा निस्तरला, की आम्ही दोघं एकच माणूस आहोत असं ठरवून माझे निबंध ह्यांच्या नावाखाली नेऊन ठेवले. आता ह्यांची बाराशे नऊ. माझं नाव टाकलं तर ह्यांचाच फोटो येतो.

संस्थेच्या वार्षिक समारंभात ह्यांचा सत्कार झाला. "स्वतःची चूक स्वतःच शोधून जगापुढे मांडणारा निर्भीड संशोधक," असं संचालक म्हणाले. दुरुस्तीच्या दोन ओळी अर्थातच कुणी वाचल्या नव्हत्या. हे मध्येच उठून माईकपाशी गेले. "ती चूक माझ्या बायकोने शोधली," म्हणाले. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "बायकोला किती मान देतो बघा."

मी टाळ्या संपायच्या आत उठून कामाला आले. थोड्या वेळाने हे दारात. मानचिन्ह एका खोक्यावर ठेवलं आणि तिथेच अवघडून उभे राहिले. चेहरा पार उतरला होता.

"आता मी काय करू, तूच सांग," असं म्हणत मला मदत म्हणून त्यांनी माझ्या आरएनएच्या नळ्यांकडे हात पुढे केला.

"आधी ग्लव्हज घाला," मी म्हटलं.